केबिन बॅग की चेक-इन? आधी वस्तू वेगळ्या काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही, ६८ वर्षांची आई आणि पाच वर्षांची मुलगी, दहा दिवसांचा परदेश प्रवास, मध्ये एकदा विमान बदलायचं आणि त्यासाठी हातात दीड तास. आईचे गुडघे दुखतात, तिच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत. मैत्रीण सांगते, बेल्टवर काहीही देऊ नको, तीन केबिन बॅगा घेऊन चल. भाऊ सांगतो, सगळं देऊन टाक आणि हात मोकळे ठेव. आता ऐकायचं कोणाचं?

मी विमानतळावर सतरा वर्षं नोकरी केली. पहिली सात चेक-इन काउंटरवर आणि पुढची दहा सामान-चौकशीच्या खिडकीत. बेल्ट थांबला तरी ज्यांची बॅग आलेली नसते, ते जिथे येतात ती खिडकी. त्या दहा वर्षांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. बॅग कोणती न्यायची, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, कोणत्या वस्तू तुमच्यापासून एक रात्रसुद्धा लांब राहता कामा नयेत? त्या एकदा बाजूला काढल्या की बाकीचं सामान कुठूनही गेलं तरी प्रवास अडत नाही. त्या काढल्या नाहीत, तर तीन केबिन बॅगा घेऊनही तुम्ही अडचणीत येऊ शकता. कसं, ते पुढे सांगते.

आधी भीतीबद्दल. बॅग हरवण्याची भीती लोकांना वाजवीपेक्षा जास्त असते. विमानतळांच्या माहिती-यंत्रणा चालवणारी सीटा ही कंपनी दरवर्षी याचे आकडे काढते. २०२३ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगांच्या बाबतीत गडबड झाली. २००७ मध्ये हाच आकडा १९च्या जवळ होता. या गडबडीतल्याही बहुतेक बॅगा हरवलेल्या नसतात, उशिरा आलेल्या असतात. माझ्या खिडकीतही तेच दिसायचं. बहुतेकांची बॅग एक-दोन दिवसांत सापडून घरपोच जायची. पण त्या एक-दोन दिवसांत माणसाचं काय अडतं, यावर सगळं अवलंबून. कपडे नसले तर गैरसोय होते. रक्तदाबाच्या गोळ्या नसल्या तर गोष्ट वेगळी.

हा उशीर सगळ्यात जास्त होतो तो विमान बदलताना, आणि तुमच्या प्रवासातला नाजूक भाग तोच आहे. तुम्ही एका गेटवरून दुसऱ्या गेटकडे चालत जाता. बॅगेला विमानाच्या पोटातून खाली उतरावं लागतं, गाडीवरून वर्गीकरणाच्या बेल्टवर यावं लागतं, तिथे तिचा टॅग वाचला जातो, काही ठिकाणी पुन्हा तपासणी होते आणि मग दुसऱ्या गाडीवरून ती दुसऱ्या विमानापाशी पोचते. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं तर तुम्ही पाय उचलून कदाचित वेळेत पोचाल. बॅगेला तेवढा वेळ पुरत नाही. ती पुढच्या विमानाने येते.

म्हणून तुमचं उत्तर देण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी होती, जी तुम्ही लिहिलेली नाही: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? एकाच बुकिंगमध्ये असतील तर बॅग साधारणपणे शेवटच्या विमानतळापर्यंत टॅग होते आणि मध्ये तुम्हाला तिला हात लावावा लागत नाही. दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून काढली असतील, तर मधल्या ठिकाणी बाहेर या, बेल्टवरून बॅग घ्या, पुन्हा काउंटरवर रांग लावा, पुन्हा सुरक्षा-तपासणी करा, असा प्रकार असतो. आई आणि लहान मुलीला घेऊन हे दीड तासात होणार नाही. तसं असेल तर एकतर सगळं सामान केबिनमध्ये घ्या, नाहीतर दुसऱ्या विमानाचं तिकीट बदलून नंतरचं विमान घ्या. मी नंतरचं घेईन. (अमेरिकेत विमान बदलणार असाल तर एकाच तिकिटावरही साधारणपणे पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन, कस्टममधून जाऊन ती पुन्हा द्यावी लागते. तोही वेळ धरा.)

आता धरून चालू की तिकीट एकच आहे. मग माझा सल्ला असा: तिघींचे कपडे, चपला, मोठ्या बाटल्या हे सगळं एका मध्यम आकाराच्या बॅगेत घालून चेक-इन करा. दोन हलक्या पाठीवरच्या सॅक सोबत ठेवा, एक तुमची आणि एक आईची. मुलीकडे तिला स्वतःला उचलता येईल एवढीच छोटी पिशवी द्या. तीन केबिन बॅगा नेऊ नका.

मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही. एकटी धडधाकट व्यक्ती तीन-चार दिवसांसाठी निघाली असेल तर मीही तेच सांगते. हातात बॅग असली की उतरल्याबरोबर बाहेर पडता येतं, आणि विमान चुकलं किंवा रद्द झालं तर कंपनीला तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवणं सोपं जातं. यामागे एक जुनं कारण आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात स्फोट होऊन ३२९ जण गेले. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. पुढे १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर बॉम्बस्फोट झालेलं विमान पडलं, त्यातही सोबत माणूस नसलेल्या बॅगेचाच प्रश्न होता. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत प्रवासी आणि बॅग यांची जोडी जुळवली जाते. माणूस चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात. म्हणजे एकदा बॅग दिली की तुमचं आणि तिचं नशीब त्या विमानाशी बांधलं जातं. ऐन वेळी बेत बदलणाऱ्यांना हे अडचणीचं ठरतं.

पण तुमच्या बाबतीत मी बॅगांऐवजी हात मोजते. तीन तिकिटं म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन केबिन बॅगांचा हक्क मिळतो, पाच वर्षांच्या मुलीलाही, कारण तिची स्वतःची सीट असते. त्या ओढणार कोण? तुमचा एक हात मुलीच्या हातात असेल. आई गुडघे सांभाळत चालणार. उरलेल्या तुमच्या एका हातात तीन ट्रॉली बॅगा, तेही विमान बदलायची घाई असताना. शिवाय सात किलोची बॅग डोक्याच्या वर उचलून कप्प्यात ठेवायची असते. केबिन क्रू जमेल तेवढी मदत करतात, पण प्रत्येकाची बॅग उचलणं हे त्यांचं काम धरलं जात नाही. काउंटरवर असताना मी असे कितीतरी प्रवासी पाहिले, जे हक्क होता म्हणून सगळं हातात घेऊन निघाले आणि गेटवर पोचेपर्यंत पार थकून गेले. त्यांचे चेहरे आठवले की आजही वाईट वाटतं, कारण सामान द्यायची सोय त्यांच्या तिकिटातच होती.

आता केबिन बॅगेतली खरी जोखीम. ही फार कमी लोक लक्षात घेतात. हातातली बॅग हातातच राहील याची खात्री नसते. विमान भरलेलं असलं की डोक्यावरचे कप्पे शेवटच्या लोकांपर्यंत पुरत नाहीत. मग गेटवर, कधी थेट विमानाच्या दारात, कर्मचारी बॅगेला टॅग लावून ती खाली पोटात पाठवतात. मागे रांग असते, सगळे घाई करत असतात, आणि माणूस काही विचार न करता हँडल सोडून देतो.

माझ्या खिडकीत एकदा एक वयस्क गृहस्थ आले. चेक-इन केलेलं सामान काहीच नव्हतं त्यांच्याकडे, सगळं त्या एका छोट्या निळ्या ट्रॉलीत. पहिल्या विमानाच्या दारात ती घेतली गेली आणि विमान बदलताना मागे राहिली. त्यांची इन्सुलिनची पेनं त्यात होती. काउंटरच्या कडेवर हात घट्ट दाबून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते: “पुढच्या कप्प्यात आहेत, चेन आहे त्या, पुढच्याच.” जणू कप्पा नीट सांगितला की बॅग लवकर येईल. आम्ही विमानतळावरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्या रात्रीची सोय झाली, बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पण ती पेनं एका छोट्या पाऊचमध्ये असती, तर दारात उभ्या उभ्या पाच सेकंदांत पाऊच काढून त्यांना बॅग देता आली असती.

त्या दिवसापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते: बॅगेच्या आत एक बॅग ठेवा. चेन असलेला, पट्टा असलेला पाऊच, अगदी वर, एका हाताने ओढला की बाहेर येईल असा. त्यात आईची सगळ्या दहा दिवसांची औषधं आणि वर तीन-चार दिवसांची जास्त, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चष्मा. दागिने असतील तर ते. घराच्या किल्ल्या. फोनचा चार्जर आणि पॉवर बँक. पासपोर्ट आणि बँकेची कार्डं मात्र पाऊचमध्येही नकोत, ती अंगावर, गळ्यातल्या किंवा कमरेच्या पिशवीत. तुमच्या सॅकमध्ये मुलीचा एक पूर्ण जोड आणि तुम्हा दोघींचा एकेक जोड ठेवा. आईच्या गोळ्यांतल्या तीन दिवसांच्या मी दुसऱ्या सॅकमध्येही टाकेन. चेक-इन बॅगेत एकही नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते कधीच खाली देऊ नये, एकदा गोठलं की ते वापरण्यालायक राहत नाही.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालतच नाहीत, आणि हा नियम उगाच केलेला नाही. अशी बॅटरी बिघडली तर आतली उष्णता आपोआप वाढत जाते आणि ती पेटते. केबिनमध्ये धूर दिसला तर क्रू लगेच पाणी मारून थंड करू शकतात. खाली पोटात तिथवर कोणी पोचू शकत नाही, आणि तिथली आग विझवण्याची यंत्रणा अशा बॅटरीची आतली उष्णता थांबवू शकेल याची खात्री नसते. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप.) १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. हिशेब सोपा आहे: पॉवर बँकेवर छापलेल्या एमएएचच्या आकड्याला हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची, म्हणजे चालते. आकडे पुसले गेलेली जुनी पॉवर बँक मात्र तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. कंपन्यांचे यापेक्षा कडक नियमही असतात, काही जण ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत. आणि गेटवर बॅग खाली जाणार असेल तर सगळ्यात आधी हीच बाहेर काढायची. पाऊचमध्ये ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

द्रवपदार्थांचं थोडक्यात सांगते. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, तेव्हापासून केबिनमध्ये १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या आणि त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, असा नियम जगभर पसरला. नव्या स्कॅनरमुळे काही विमानतळांनी तो सैल केला आहे, पण तुमचा मधला विमानतळ त्यांत असेलच असं नाही, म्हणून जुनाच नियम धरा. लागणारी औषधं यात सहसा सूट मिळवतात, ती वेगळी काढून दाखवायची. तेल, शाम्पू वगैरे मोठ्या बाटल्या चेक-इनमध्ये गेल्या की हा प्रश्नच मिटतो.

वजन आणि मापांना जगभर एकच नियम नाही. केबिनसाठी सात किलो आणि साधारण ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटर हे बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण कोणी दहा किलो देतं, कोणी फक्त मापं बघतं, आणि स्वस्त तिकिटात काही कंपन्या सीटखाली मावणारी छोटी पिशवीच देतात. दोन विमानं दोन कंपन्यांची असतील तर ज्यांचा नियम जास्त कडक, तोच पाळा, परतीचाही बघून. मापात चाकं आणि हँडल धरतात, हे लोक विसरतात. रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सात किलोतले चारच तुमच्या हाती राहतात. कापडी सॅक सुचवली त्यामागे हेही कारण आहे. चेक-इनला २३ किलो ही नेहमीची मर्यादा. जास्तीचे पैसे भरले तरी एक बॅग ३२ किलोपलीकडे बहुतेक कंपन्या घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो. तुमची बॅग २० किलोच्या आत बसवा. परतताना वाढतेच.

काउंटरवर आता दोन मिनिटं थांबा, कारण इथे मला खूप काही सांगायचं आहे. घरून निघण्याआधी बॅगेवरचे जुने टॅग तर काढाच, पण बारकोडचे छोटे स्टिकरही काढा. ते हँडलखाली, तळाशी, चाकांच्या मध्ये चिकटलेले राहतात. एक काळी बॅग माझ्याकडे आली होती, तिच्या तळाशी तीन जुन्या प्रवासांचे स्टिकर होते. वर्गीकरणाच्या बेल्टवर यंत्र चहूबाजूंनी वाचतं. चुकीचा बारकोड वाचला गेला, किंवा दोन वाचले गेले, तर बॅग बाजूला काढून माणसाच्या हाती जाते. दीड तासाच्या बदलीत तेवढा उशीर पुरेसा असतो. लोंबणारे पट्टे आत खोचा. बंद करण्याआधी आतल्या सामानाचा एक आणि बाहेरून एक फोटो घ्या. आत वरच एका कागदावर नाव, फोन आणि जिथे उतरणार तिथला पत्ता लिहून ठेवा, कारण बाहेरचा टॅग फाटतो तेव्हा बॅग उघडून आम्ही तोच शोधतो.

मग टॅग लावला जात असताना त्यावरची तीन मोठी अक्षरं वाचा. ती तुमच्या शेवटच्या विमानतळाचीच आहेत का? लंडनलाच हीथ्रोसाठी एलएचआर आणि गॅटविकसाठी एलजीडब्ल्यू असतं, म्हणजे शहर बरोबर असून विमानतळ चुकू शकतो. शंका आली तर सरळ विचारा, “बॅग शेवटपर्यंत जाते ना?” मी काउंटरवर असताना हे विचारणाऱ्यांचा कधी राग आला नाही, उलट बरं वाटायचं. दहा आकड्यांचा नंबर असलेली पावती देतात, तिचा फोटो काढून ठेवा. आणि याच काउंटरवर आईसाठी सांगितलेली व्हीलचेअर पक्की करा. ती कंपनीला किमान ४८ तास आधी कळवलेली बरी. बदलीच्या विमानतळावर व्हीलचेअरसोबत रस्ता माहीत असलेला माणूस येतो, आणि तुमच्या दीड तासाला खरा आधार त्याचाच असेल.

इतकं करूनही बॅग आली नाही तर? हॉलमधून बाहेर पडू नका. तिथेच सामान-चौकशीच्या खिडकीत जा, तक्रार नोंदवा आणि नोंदीचा कागद घ्या. त्याला पीआयआर म्हणतात. त्यावर दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो: विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन, पुढे पाच आकडे. पुढचा सगळा शोध त्या क्रमांकावर चालतो. समोरची व्यक्ती रंग आणि आकारांचा तक्ता दाखवेल, तेव्हा तुमच्याजवळचा फोटो हजार वर्णनांपेक्षा उपयोगी पडतो. हॉटेलचा पत्ता नीट द्या. तोवर लागणाऱ्या गरजेच्या वस्तू विकत घेतल्या तर पावत्या जपा.

आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या माँट्रियल करारानुसार तुमचे हक्क ठरतात. २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. मोडतोड झालेली असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा माणशी असते, बॅगेमागे नाही, आणि ती आपोआप हातात पडत नाही; नुकसान दाखवावं लागतं. रोख, दागिने, लॅपटॉप खाली दिले असतील तर कंपन्या बहुधा हात वर करतात. त्यावरून वाद घालणारे, रडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी माझ्या हातात काहीच नसायचं.

एक गोष्ट विमानात बसल्यावरची. आणीबाणीत उतरायची वेळ आली तर सॅक, पाऊच, काहीही उचलायला थांबू नका. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर एक विमान धावपट्टीवर पेटलं, त्यातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. सामान मागे सोडून निघाले, हे त्यामागचं एक मोठं कारण. पासपोर्ट अंगावर ठेवा म्हटलं, त्यात हाही विचार आहे. मुलीला आधीच सांगून ठेवा की बाहुली नंतर आणू.

परतीला हिशेब थोडा बदलतो. कपडे धुवायचेच असतात, घरी दुसरे असतात, त्यामुळे बॅग दोन दिवस उशिरा आली तरी फारसं अडत नाही. जाताना जे हातात ठेवलं त्यातलंही बरंच निर्धास्त खाली द्या आणि आईचे हात मोकळे करा. औषधं आणि पाऊच मात्र तसाच वर. आणि निघण्याआधी त्यात घराच्या किल्ल्या आहेत का ते हात घालून बघा. दहा दिवस त्यांची आठवण होत नाही, म्हणून त्या हमखास मोठ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात जातात. रात्री दीड वाजता झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन माझ्या खिडकीशी उभे राहिलेले लोक बॅगेबद्दल नाही, त्या किल्ल्यांबद्दल विचारायचे.